डिग्री नसलेला प्रोफेसर आणि शहरातली झाडं

टाउन प्लॅनिंगचा पेपर दिलेल्या प्रत्येकाने पॅट्रिक गेडिस हे नाव एकदा तरी पाठ केलेलं असतं. जागा, काम आणि माणसं हे त्यांचे तीन शब्द लिहायचे, दोन मार्क पदरात पाडून घ्यायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पण मित्रांनो, या दोन मार्कांच्या माणसाची खरी गोष्ट आपल्या झेरॉक्स नोट्समध्ये कुठेच नाही. आणि ती आपल्या, खास करून आम्हा सिव्हिलवाल्यांच्या जिव्हाळ्याची आहे. कारण हा माणूस आयुष्यभर इंजिनिअर लोकांशी भांडला. कशावरून? तर शहरातल्या विहिरी, तळी, पडीक तुकडे आणि झाडं ठेवायची की पुसून टाकायची यावरून! आणि हे भांडण त्यांनी फक्त स्कॉटलंडमध्ये नाही, तर आपल्या ठाण्यात आणि होळकरांच्या इंदुरातसुद्धा केलं.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला स्कॉटलंड म्हटलं की जेम्स वॅट आणि त्याची वाफ एवढंच शिकवलं. गेडिस त्याच देशातले. २ ऑक्टोबर १८५४ रोजी बॅलटर नावाच्या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. वडील लष्करात. पॅट्रिक लहान असतानाच घर पर्थ शहराजवळ टेकडीच्या उतारावर आलं. घराला बाग होती, आणि वडिलांच्या मागेमागे फिरत बटाटे लावणं, भाज्या काढणं हीच त्याची पहिली शाळा. पुढे घरच्यांच्या इच्छेखातर त्याने काही महिने बँकेत नोकरी केली. मग वनस्पतिशास्त्र शिकायला एडिंबरा विद्यापीठात गेला आणि एका आठवड्यात परत आला! वाळवलेली झाडं कापून त्यांची नावं पाठ करणं त्याला काही झेपलं नाही. तिथून तो थेट लंडनला, टी. एच. हक्सले यांच्याकडे. हक्सले म्हणजे डार्विनचे कट्टर समर्थक. त्यांच्या हाताखाली पॅट्रिक जीवशास्त्र शिकला, पण परीक्षा देऊन डिग्री मात्र त्याने कधीच घेतली नाही. आपल्याकडे केटी लागली तरी घरी तोंड दाखवायची चोरी. हा डिग्रीशिवायच पुढे दोन विद्यापीठांत प्रोफेसर झाला.

१८७९ साली ते नमुने गोळा करायला मेक्सिकोला गेले. तिथे डोळ्यांचा आजार झाला आणि अंधाऱ्या खोलीत पट्टी बांधून बसायची वेळ आली. मायक्रोस्कोपवर जगणाऱ्या तरुण शास्त्रज्ञासाठी यापेक्षा वाईट काय असणार? असं सांगतात की खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपडताना त्यांना कागदाला घड्या घालून चौकोन पाडायची आणि प्रत्येक चौकोनात एकेक कल्पना मांडायची युक्ती सुचली. दृष्टी परत आली, पण मायक्रोस्कोपवर तासन् तास बसणं संपलं. मग त्यांनी मोठ्या जिवाकडे पाहायला सुरुवात केली. तो जीव म्हणजे शहर.

एडिंबराचं जुनं शहर एका उंच खडकाच्या धारेवर वसलेलं आहे. श्रीमंत मंडळी दरीपलीकडच्या नव्या, सरळ रस्त्यांच्या भागात राहायला गेली आणि जुन्या शहरातल्या उंच दगडी इमारतींत गरीब माणसं दाटीवाटीने राहू लागली. आपल्याकडच्या चाळींचीच दगडी आवृत्ती. अंगणं होती, पण त्यात कचरा आणि अंधार. १८८६ मध्ये गेडिस यांचं ॲना मॉर्टन या मुलीशी लग्न झालं आणि १८८७ मध्ये हे दोघं चांगल्या वस्तीतलं घर सोडून जेम्स कोर्ट नावाच्या अशाच एका वाड्यात राहायला आले. शेजाऱ्यांना स्वच्छतेवर भाषण द्यायला नाही, तर तिथेच बिऱ्हाड थाटायला. आधी स्वतःच्या खोल्या झाडल्या, भिंतींना चुना लावला, खिडकीत फुलांच्या पेट्या ठेवल्या. मग शेजाऱ्यांना हाताशी घेऊन अंगण साफ केलं. ॲना यांचा यातला वाटा फार मोठा होता. कल्पना नवऱ्याच्या, आणि हिशोब, निस्तरणं, माणसं सांभाळणं बायकोचं, असा हा संसार होता. (असे संसार आपल्याकडेही कमी नाहीत.)

त्याच वर्षी गेडिस यांनी एडिंबरात विद्यार्थ्यांसाठी हॉस्टेल सुरू केलं. त्याची खासियत वाचून आपल्या रेक्टर सरांना घाम फुटेल. कारभार सगळा विद्यार्थ्यांकडे, वर वॉर्डन वगैरे कोणी नाही! विद्यार्थी जुन्या शहराच्या मध्यात राहिले तर शहराला जाग येईल आणि विद्यार्थ्यांनाही शहर कळेल, असा हिशोब होता.

१८८८ मध्ये डंडीच्या कॉलेजात त्यांना वनस्पतिशास्त्राचं प्रोफेसरपद मिळालं. अट मोठी झकास होती. शिकवायचं फक्त उन्हाळ्याच्या सत्रात, बाकीचं वर्ष मोकळं. ते मोकळं वर्ष त्यांनी शहरांना दिलं. १८९२ मध्ये एडिंबराच्या किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला आणि त्याला आउटलुक टॉवर असं नाव दिलं. सगळ्यात वर कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे आरसा आणि भिंग वापरून बाहेरचं जिवंत शहर आतल्या पांढऱ्या टेबलावर दाखवणारं यंत्र. पाहुण्यांना आधी थेट वर न्यायचं, शहर दाखवायचं, आणि मग एकेक मजला उतरत एडिंबरा, स्कॉटलंड, युरोप असं करत सगळ्यात खाली जगापर्यंत आणायचं. तो कॅमेरा अजूनही चालू आहे.

या टॉवरमधून झालेलं एक काम मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण ते आपल्या सर्व्हे कॅम्पमध्ये आरामात बसेल असं आहे. गेडिस यांच्या मंडळींनी जुन्या शहरातल्या मोकळ्या जागांची पाहणी केली. मोकळ्या म्हणजे काय, तर पडलेल्या घराचा चौथरा, दोन भिंतींमधली फट, राडारोडा टाकायची जागा. कोणाच्या खिजगणतीत नसलेले असे पंचाहत्तरच्या आसपास तुकडे निघाले आणि सगळे मिळून क्षेत्रफळ भरलं सुमारे १० एकर! एवढ्या गच्च वस्तीत १० एकर जमीन कुणालाच दिसत नव्हती. मग त्यातल्या काही तुकड्यांवर बागा झाल्या. आराखडे केले गेडिस यांची मुलगी नोरा हिने, आणि राबले वस्तीतले लोक आणि शाळेची मुलं. नवीन जमीन संपादन नाही, मोठं बजेट नाही. आपल्याकडे ‘शहरात झाडं लावायला जागाच कुठे आहे’ हे वाक्य प्रत्येक चर्चेत ऐकू येतं. ती जागा कधी कोणी मोजली आहे का?

आता भारत. १९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडिस यांना त्यांचं शहरांविषयीचं प्रदर्शन घेऊन बोलावलं. नकाशे, चित्रं, तक्ते असं कित्येक वर्षांचं काम ‘क्लॅन ग्रँट’ या जहाजावर चढवलं आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मनीच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. गेडिस आणि त्यांचा मुलगा ॲलस्डेअर दुसऱ्या जहाजावर होते म्हणून वाचले, पण प्रदर्शन समुद्राच्या तळाशी गेलं. आपली हार्ड डिस्क सबमिशनच्या आदल्या रात्री उडते तेव्हा काय होतं आठवा. इथे बॅकअप नव्हता आणि माणूस साठीचा होता. पण इंग्लंडमधल्या मित्रांनी घाईघाईने नवीन साहित्य जमवून पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरलं.

त्या वेळची आपली शहरं कशी होती हे समजून घेतलं पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला होता. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणं म्हणजेच सुधारणा, असं सूत्र ठरून गेलं. मलेरियाचं कारण डास हे कळल्यावर तर पाण्यावरच संक्रांत आली. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांच्या मुंबईतल्या मलेरियाच्या अहवालाने विहिरींकडे बोट दाखवलं, आणि विहिरी झाका नाहीतर बुजवा अशी मोहीम निघाली. तळी तर त्याच्याही आधीपासून बुजत होती. आज धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं लोकलच्या गर्दीत आपण रोज ऐकतो. नावं शिल्लक आहेत, पाण्याचा थेंब नाही.

गेडिस या गावांत आले आणि त्यांनी काय केलं? तर चालले. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून दिवसेंदिवस पायी फिरले. कुठला वाडा पडायला आला आहे, कुठे पार आहे, कुठल्या विहिरीवर बायका जमतात, कुठल्या पिंपळाखाली देऊळ आहे, हे आधी बघायचं. मग जी घरं खरोखरच मोडकळीस आली असतील तेवढीच काढायची आणि त्या जागी छोटा चौक करून झाड लावायचं. बोळ मोकळा होतो, हवा खेळते आणि शंभर घरं वाचतात. याला त्यांनी कन्झर्व्हेटिव्ह सर्जरी असं नाव दिलं होतं, म्हणजे जपून, कमीत कमी कापाकापी करून केलेलं ऑपरेशन. पट्टी घेऊन नकाशावर सरळ रेघ मारणाऱ्या नगरपालिकेच्या इंजिनिअरांना हे अर्थातच आवडलं नाही. गेडिस यांची जीभही काही मवाळ नव्हती. त्यांचे अहवाल वाचले तर कुठल्या इंजिनिअर साहेबांना किती झोंबलं असेल हे लगेच कळतं.

१९१५ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या काही गावांवर अहवाल लिहिले, त्यात आपलं ठाणं होतं. नळ आले म्हणून विहिरी बुजवू नका, असं त्यांनी ठाण्याच्या अहवालात बजावलं. कारण साधं आहे. कुठलीही पाणीयोजना कधी ना कधी बंद पडते, आणि त्या दिवशी जुनी विहीर ही गावाची विमा पॉलिसी असते. तळ्यांबद्दलही तेच. तळं बुजवण्यापेक्षा ते स्वच्छ ठेवा, त्यात मासे आणि बदकं सोडा, डासांच्या अळ्या ते खातील. तळ्याने उन्हाळ्यात हवा थंड राहते, पावसाळ्यात जास्तीचं पाणी मावतं. आपण हायड्रॉलॉजीत ज्याला डिटेन्शन स्टोरेज म्हणून उदाहरणं सोडवतो, ते हा वनस्पतिशास्त्राचा प्रोफेसर शंभर वर्षांपूर्वी सांगत होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने मुंबईला स्वतःची आठवण करून दिली. एवढ्या पावसाला तळ्यांनी थोपवलं असतं असं मी म्हणणार नाही, कोणीच म्हणू शकणार नाही. पण पाण्याने थांबायचं कुठे, हा प्रश्न तळी बुजवताना विचारायला हवा होता. माझ्या गावी गेल्या काही वर्षांत एक ओढा काँक्रीटच्या पेटीत बंद झाला, वर पार्किंग आलं. लहानपणी त्यात खेकडे पकडलेल्यांना विचारा, त्या जागेला ते अजून ओढाच म्हणतात.

१९१७ हे वर्ष गेडिस यांच्यासाठी भयंकर होतं. एप्रिलमध्ये ॲलस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्या वेळी ॲना भारतातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा गेल्याची बातमी नवऱ्याने त्यांना सांगितली नाही. जूनमध्ये त्याही गेल्या, मुलगा जिवंत आहे असं समजतच. ज्या दोन माणसांच्या आधारावर सगळा व्याप उभा होता, त्यातली दोन्ही माणसं दोन महिन्यांत संपली. दुसरा कोणी असता तर बोटीचं तिकीट काढून परत गेला असता.

गेडिस इंदूरला गेले. तुकोजीराव होळकरांच्या राज्यात प्लेग आणि मलेरिया दोन्ही मुक्कामाला होते. नकाशा घेऊन फिरणारा हा दाढीवाला म्हातारा साहेब दिसला की बायका-मुलं घाबरून दारं लावत. साहेब नकाशा घेऊन येतो आणि मागून घरं पाडणारे येतात, हा लोकांचा अनुभव होता. गेडिस यांनी महाराजांकडे एक अजब परवानगी मागितली, एका दिवसापुरतं सगळ्या शहराचे अधिकार! आणि ते मिळाल्यावर नोटीस काढली नाही की दंड लावला नाही. दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल असं जाहीर केलं. मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार? तर ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यात जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केलेली असतील, त्या रस्त्याने.

मग काय विचारता! प्रत्येक आळीला वाटायला लागलं की मिरवणूक आपल्याच दारावरून जावी. अंगणं, माळे, परसं रिकामी झाली, हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला, घुशी-उंदीर मारले गेले. मिरवणुकीत हत्ती, घोडे, वाद्यं होतीच, पण त्यामागे आला घाणीचा राक्षस, रावणासारखा उंच. प्लेगचा प्रचंड उंदीर, अंगावर थरथरणाऱ्या पिसवांसकट. मलेरियाचे मोठे डास. आणि त्यांच्यामागून स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, नवीन पागोटी घातलेले, फुलांच्या माळा ल्यालेले शहराचे सफाई कामगार, रंगवलेल्या गाड्या आणि बैलांसह. ज्यांची सावली टाळायची त्यांना त्या दिवशी शहराने रस्त्याच्या मधोमध चालताना पाहिलं. पुढे नवी देवता, इंदूर नगरी, आणि तिच्या झेंड्यावर शहराचा नवा नकाशा. शेवटी फुलं, फळं आणि वाटण्यासाठी तुळशीची रोपं. संध्याकाळी राक्षस आणि उंदीर जाळले, फटाके उडाले.

ही हकीकत गेडिस स्वतः रंगवून सांगत आणि त्यांच्या चाहत्यांनी ती लिहून ठेवली, त्यामुळे त्यात थोडं मीठमसाला असेलही. आणि दुसऱ्या दिवशी सफाई कामगारांच्या हाती तोच झाडू आणि तेच काम आलं असणार, हेही विसरता येत नाही. एका माळेने जात पुसली जात नाही. पण शहराचा निसर्ग कोण राखतो याचं उत्तर गेडिस यांनी त्या क्रमात दिलं होतं. इंजिनिअर कुठे दिसत नाही, झाडूवाले दिसतात आणि त्यांच्यामागे तुळस येते. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल छापून झाला. त्यात नदीकाठ मोकळे ठेवायचं सांगितलं आहे, आणि प्रचंड खर्चाच्या जमिनीखालच्या ड्रेनेज योजनेला विरोध आहे. मैला पाण्यात सोडून नदी नासवण्यापेक्षा त्याचं खत करा आणि बागा पिकवा, असं त्यांचं म्हणणं. २०१७ पासून इंदूरने देशात स्वच्छतेत सलग अनेक वर्षं पहिला नंबर मिळवला. त्याचं श्रेय गेडिस यांना देणं हा भाबडेपणा होईल, पण त्या शहराने कचऱ्याची मिरवणूक शंभर वर्षांपूर्वी पाहिली होती हे मात्र खरं.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा नवा विभाग काढला आणि ६५ व्या वर्षी गेडिस त्याचे पहिले प्रोफेसर झाले. शिकवणं कसं होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर अवघड. दाढीत पुटपुटत, एका विषयातून दुसऱ्यात उड्या मारत बोलायचे, कागदाच्या घड्या उलगडायचे. बऱ्याच जणांना काही कळायचं नाही. (ओळखीचं वाटतं ना?) पण त्यांच्या वर्गात बसणाऱ्यांपैकी मालवणकडचा एक तरुण होता, गो. स. घुर्ये. त्याला हेरून विद्यापीठाच्या स्कॉलरशिपवर इंग्लंडला पाठवण्यामागे गेडिस होते. गेडिस १९२४ मध्ये मुंबई सोडून गेले आणि विभाग घुर्ये यांच्या हाती आला. भारतातल्या समाजशास्त्रज्ञांच्या पुढच्या पिढ्या त्यांनी घडवल्या.

त्यांच्या अपयशाबद्दलही लिहायला हवं. बहुतेक अहवाल कपाटात गेले. संस्थानिकांनी आदराने बोलावलं, ऐकलं आणि पुढे आपल्याच इंजिनिअरांचं मान्य केलं. हातात अधिकार असा इंदूरच्या एका दिवसाशिवाय कधी आला नाही. त्यांची पुस्तकंही वाचायला सोपी नाहीत. ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हे १९१५ चं प्रसिद्ध पुस्तक मी लायब्ररीत दोनदा इश्यू केलं आणि दुसऱ्या वेळी कुठे पुरं झालं. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला, घरांच्या गटांच्या मधोमध बाग ठेवणारा, आणि तो मात्र बराचसा प्रत्यक्षात आला.

शेवटची वर्षं दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहराबाहेर गेली. तिथल्या खडकाळ, रखरखीत माळावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्कॉट्स कॉलेज काढलं, म्हणजे पुन्हा एक हॉस्टेलच, आणि भोवती बाग फुलवली. पूर्वी नाकारलेला ‘सर’ हा किताब १९३२ मध्ये घेतला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तिथेच त्यांचं निधन झालं.

एडिंबराच्या किल्ल्याखाली जॉन्स्टन टेरेस नावाचा रस्ता आहे. त्या पंचाहत्तर तुकड्यांपैकी एक तिथे अजून शिल्लक आहे, एक छोटीशी बाग. वन्यजीवांसाठी काम करणारी एक संस्था आता तिची निगा राखते.